घड्याळवाढ

वजनमापे खात्याचे निरीक्षक शनिवारी घरी येऊन घड्याळाची तपासणी करतील, असं पत्र शुक्रवारी दुपारी आलं, तेव्हा पर्यायरावांनी सगळ्यात आधी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. तीन निघाल्या. त्याने त्यांना जरा बरं वाटलं. मग त्यांनी पत्र पुन्हा वाचलं आणि मटकन खुर्चीत बसले, कारण ज्या घड्याळाची तपासणी व्हायची होती ते घड्याळ त्यांच्या घरात नव्हतंच.

पर्यायराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गृहस्थ सरकारी कार्यालयात भाषांतरकार. समोरच्याने बोलता बोलता एखादा परका शब्द वापरला की त्यांच्या तोंडून आपसूक निघायचं, "याला पर्यायी शब्द आहे बरं का." लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसालाही त्यांनी बाहेरून हेच ऐकवलं होतं, असं शेजारच्या शिवणवाल्या काकू शपथेवर सांगतात. अडकलेल्या त्याच होत्या. तेव्हापासून सगळी इमारत त्यांना पर्यायराव म्हणते, आणि मनातल्या मनात त्यांना ते आवडतं.

घरात तीन माणसं. बायको इस्पितळात परिचारिका, म्हणजे घरातलं एकुलतं एक शहाणं माणूस. मुलगी वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला. आणि चौथा संगणक, जो वयाने मुलीच्या निम्मा असला तरी स्वभावाने आजोबा झाला होता. बटण दाबल्यावर तो सुरू व्हायचा, पण आधी थोडा विचार करायचा.

शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच मुलगी म्हणाली होती, "बाबा, वर्गातल्या सगळ्यांनी नवे घेतलेत. शेवटी मला इमारतीची फिल्म करायचीय. हा पुरेल का?"

"पुरेल," पर्यायराव म्हणाले.

"पुरेल, की पुरावा लागेल?"

शब्दांवरची कोटी ऐकली की पर्यायराव विरघळतात. ते खूश होऊन हसले आणि म्हणाले, "पुरेल गं, पुरेल." हे तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा शिवणवाल्या काकू दारात उभ्या होत्या. आता साक्षीदारासमोर उच्चारलेला शब्द मागे घेणं हे काही त्यांच्या रक्तात नाही. तिथेच सगळं ठरून गेलं.

तरी पण बापाचं काळीज. दोन-तीन रविवार गेल्यावर ते संगणक काखोटीला मारून मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री म्हणजे संगणक दुरुस्त करणारा, त्याचं दुकान बसथांब्यामागे. म्हटलं धूळ काढून घेऊ, तेवढाच तरतरीत होईल. तिथे बघतात तर चार-पाच बापई माणसं आपापल्या संगणकांचे डबे उघडे टाकून बसलेली, आणि सगळ्यांचे डोळे पडद्यावरच्या एका आकड्याला लागलेले. एकाने हातपंख्याने आपल्या डब्याला वारा घालायला घेतला होता.

"हे काय चाललंय?" पर्यायरावांनी हळूच विचारलं.

"ओव्हरक्लॉकिंग," मिस्त्री म्हणाला.

"याला पर्यायी शब्द..." पर्यायराव म्हणाले आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याजवळ पर्यायी शब्द नव्हता.

मिस्त्रीने त्यांना बसायला स्टूल दिलं आणि समजावून सांगितलं. संगणकाच्या आत एक ठोका पडत असतो. त्या ठोक्यावर तो काम करतो, कवायतीत शिट्टीवर पाय उचलतात तसा. ह्यांच्या संगणकाचे सेकंदाला तीनशे कोटी ठोके. ठोके वाढवले की काम वाढतं. वाढलं की तो तापतो. तापला की थंड करायचं. एवढीच गंमत.

"पण कंपनीने तीनशे सांगितलेत ना? मग आपण कोण वाढवणारे?"

"काका, कारखान्यातून एकाच साच्यातले हजारो निघतात. एकेकाची कसोटी बघत बसायला कुणाला वेळ आहे? जो आकडा सगळ्यांना नक्की झेपेल तो छापायचा आणि मोकळं व्हायचं. पण त्यातल्या कितीतरींच्या अंगात जास्त दम असतो. त्यांना कधी कुणी विचारतच नाही." मिस्त्रीने पंख्याचा स्क्रू आवळला. "आम्ही विचारतो."

"आणि एवढा वेग घेऊन करता काय?"

यावर हातपंखावाले गृहस्थ, जे एका बेकरीत भट्टीवर होते, म्हणाले, "माझं तर काहीच काम नाही वेगाचं. गाणी ऐकतो, चुलतभावाला पत्र लिहितो. पण भट्टीवर सगळं ठरलेलं. इतकी उष्णता, इतका वेळ, त्याच्या वर नाही. इथे एक पायरी चढली की रविवार चांगला जातो बघा."

पर्यायराव घरी आले ते वेगळेच होऊन आले. कार्यालयात त्यांच्या टेबलावर 'कनिष्ठ भाषांतरकार' अशी पाटी आहे, गेली सव्वीस वर्षं. पाटी पितळी असल्यामुळे बदलायला जिवावर येतं, असं कार्यालय सांगतं. त्यांनी त्या पाटीबद्दल कधी तक्रार केली नाही. पण त्या दिवशी जेवताना ते दोनदा म्हणाले, "छापलेला आकडा म्हणजे शेवट नव्हे." बायकोने ताटात भाजी वाढली.

सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हणजे एकाच माणसाला दोन पाळ्या लावायच्या. आमच्याकडे रोजच लावतात. आम्ही त्याला छंद म्हणत नाही."

आता शब्द हवा होता. पर्यायरावांनी आधी 'अतिघटीकरण' करून पाहिलं. "हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?" बायकोने विचारलं. 'द्रुतस्पंदन' मुलीला बेडकाचं नाव वाटलं. शेवटी पगारवाढीच्या चालीवर 'घड्याळवाढ' हा शब्द निघाला आणि पर्यायराव कृतकृत्य झाले. "चला," बायको म्हणाली, "घरात कुणाची तरी वाढ होतेय."

मिस्त्रीने मोठा पंखा बसवून दिला, कुठे काय बदलायचं ते कागदावर लिहून दिलं, आणि पुढच्या रविवारी सकाळी पर्यायरावांनी धुतलेला शर्ट घालून तीनशेचे तीनशे साठ केले. बटण दाबलं. त्याच क्षणी जिन्यातले दिवे गेले आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. लिफ्टमध्ये इमारतीचे अध्यक्ष होते.

खरं कारण शिवणवाल्या काकूंची नवी इस्त्री, हे पुढे सिद्ध झालं. पण अध्यक्ष वीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा त्यांना पर्यायरावांच्या दारातून विमानासारखा पंख्याचा आवाज ऐकू आला, आणि माणूस समोर जे दिसतं त्यालाच धरतो. अध्यक्ष बर्फाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आवाज कधी चढवत नाहीत, म्हणूनच त्यांची जास्त भीती वाटते.

"वीज कार्यालयाचं ना-हरकत पत्र आणा," घड्याळवाढीचा खुलासा ऐकून ते म्हणाले. "मग खुशाल वाढवा."

दुसरा कुणी असता तर त्याने दार लावून घेतलं असतं आणि गुपचूप आपलं चालू ठेवलं असतं. पर्यायरावांनी संगणक परत तीनशेवर आणला आणि अर्ज लिहायला बसले. अर्ज म्हटला की त्यांच्या अंगात येतं. विषय लिहिला, 'घरगुती घड्याळाचा वेग वाढविण्यास परवानगी मिळणेबाबत.'

"बाबा, सरळ ओव्हरक्लॉकिंग लिहा ना," मुलगी म्हणाली. "त्यांना कळेल तरी."

"कळावं म्हणून भाषा बिघडवायची नसते," पर्यायराव म्हणाले. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत टिपून ठेवलं.

वीज कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला. "घड्याळ विजेवर चालतं?"

"चालतं."

"सेलवर का नाही चालवत?"

"ते तसलं घड्याळ नाही हो. त्याचे ठोके वाढवायचेत."

"मग ते पुढे जाईल."

"पुढे नाही जाणार. जोरात चालेल."

"जोरात चाललं की पुढेच जातं," बाई म्हणाल्या आणि अर्जावर शिक्का मारला. दोन आठवड्यांनी पत्र आलं. घड्याळ हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी वजनमापे खात्याकडे वर्ग करण्यात येत आहे. पर्यायरावांनी तिकडे खुलासा पाठवला. खुलाशाला पोच आली. पोचेवर घड्याळाचा नोंदणी क्रमांक विचारला होता. यात दोन महिने गेले. तेवढ्या काळात इमारतीत ज्याला त्याला सल्ला सुचला. काकू म्हणाल्या, शिवणयंत्राचं तेल एक थेंब घालून बघा. अध्यक्षांनी, तत्त्वाचा प्रश्न बाजूला ठेवून, अमोनियाने काय काय थंड होतं ते तासभर सांगितलं.

आणि मग तो शुक्रवार उजाडला.

मुलीने शेवटच्या वर्षासाठी काढलेली इमारत होती इस्पितळाशेजारचं विसावागृह. आत ज्यांचं कुणीतरी आजारी आहे आणि बाहेर ज्यांना बसायला जागा नाही, अशांसाठी. वर सगळं काचेचं छत, खाली उथळ पाणी. त्या इमारतीतून चालत गेल्यासारखी पाच मिनिटांची फिल्म शनिवारी दुपारी चार वाजता महाविद्यालयात द्यायची, चारनंतर घेत नाहीत, आणि दिली नाही तर वर्ष गेलं. गुरुवारी मार्गदर्शक बाईंनी छत बदलायला लावलं होतं. शुक्रवारी सकाळी आठला मुलीने संगणकाला काम लावलं. संगणकाने एकेक चित्र काढून ठेवायचं, काचेतून येणारा उजेड, पाण्यातली सावली, सगळं हिशेबाने. त्याने थोडा विचार केला आणि पडद्यावर लिहिलं, छत्तीस तास.

म्हणजे शनिवारी रात्री आठ.

महाविद्यालयातले सगळे संगणक दुसऱ्यांनी अडवलेले होते, मैत्रिणींचे त्यांच्या त्यांच्या फिल्ममध्ये गुंतलेले. "तुम्ही म्हणाला होतात" असं मुलगी म्हणाली नाही. म्हणाली असती तर पर्यायरावांना सोपं गेलं असतं. ती नुसती त्या आकड्याकडे बघत नखं खात बसली, आणि नखं खायची तिची सवय सातवीत सुटली होती.

पर्यायरावांनी मिस्त्रीचा कागद काढला. परवानगी नव्हती, ना-हरकत नव्हतं, पोचेला उत्तर गेलेलं नव्हतं. सव्वीस वर्षांत त्यांनी कार्यालयाची टाचणीसुद्धा घरी आणलेली नाही. त्यांनी तीनशेचे तीनशे साठ केले. छत्तीसचे तीस तास झाले. शनिवारी दुपारी दोन.

दुपारी ते पत्र आलं. रात्री काहीही घडलं नाही, म्हणून रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

शनिवारी बायकोची सुटी होती. सकाळी तिने संगणकाच्या डब्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ह्याला ताप आहे." मग इस्पितळातला तक्ता काढला, वर रुग्णाचे नाव या जागी 'संगणक' लिहिलं, वयाच्या जागी दहा, आणि दर पंधरा मिनिटांनी पडद्यावरचं तापमान त्यात मांडायला लागली. रेघ चढत होती. ऊन वाढत होतं, शनिवारच्या इस्त्र्या सुरू झाल्या होत्या, आणि सव्वानऊला पंखा एकदा घरघरला आणि पडदा काळा झाला.

मुलगी किंचाळली नाही. तिने फक्त आईचा हात धरला.

मिस्त्री दहा मिनिटांत धावत आला, हातात ब्रेडचा घास. "जळलेला नाही. फार तापल्यावर तो स्वतःच बंद होतो, जीव वाचवायला. झालेली चित्रंही शाबूत आहेत. पण खिडकीतून ऊन आत येतंय आणि वीजही कमी-जास्त होतेय. थंड होऊ द्या, साडेदहाला सुरू करा. आणि माझं ऐकाल तर परत तीनशेवर आणा."

"तीनशेवर किती वाजतील?" पर्यायरावांनी विचारलं.

मुलीने आधीच मोजलं होतं. "चार बारा."

बारा मिनिटं. नवा संगणक घेतला असता तर आज पोरगी झोपली असती. एका शब्दाच्या हट्टापायी, तोही काकूंसमोर उच्चारलेल्या, त्यांनी पोरीचं वर्ष पणाला लावलं होतं. "तीनशे साठच," ते म्हणाले. "फक्त ह्याला गार ठेवायचं. मला मदत लागेल."

आणि ते उठून बाहेर गेले आणि अध्यक्षांच्या दाराची घंटा वाजवली. ज्यांना पर्यायराव ठाऊक आहेत त्यांनाच कळेल हे केवढं अवघड होतं. त्यांनी सगळं सांगितलं. परवानगी नसताना वाढवल्याचंही सांगितलं. परका शब्द वापरून सांगितलं, म्हणजे लवकर संपेल.

अध्यक्षांनी चष्मा लावला. "आधी का नाही आलात?" एवढंच विचारलं, आणि चप्पल घातली.

पुढच्या अर्ध्या तासात त्या इमारतीत जे झालं ते आठवलं की पर्यायरावांचे डोळे अजून भरून येतात. अध्यक्षांनी स्वतः लिफ्ट बंद केली, पाण्याचा पंप बंद केला, मजल्यामजल्यावर जाऊन इस्त्र्या बंद करवल्या. काकूंकडे सोमवारी द्यायच्या शाळेच्या गणवेशांचा डोंगर होता. त्यांनी शिवणयंत्र बंद केलं, आपला पंखा उचलून पर्यायरावांच्या खोलीत आणला, आणि सुईदोरा घेऊन तिथेच भिंतीला टेकून हाताने काजं करायला बसल्या. बर्फ अध्यक्षांनी मागवला. तो डब्यात नाही, पंख्याच्या पुढे परातीत ठेवायचा, ही त्यांची विद्या. "ओल आत गेली नाही पाहिजे. बाहेरून गार, आतून कोरडं. चाळीस वर्षं हेच केलं मी."

खाली फळ्यावर त्यांनी खडूने लिहिलं होतं, 'आज दुपारी साडेतीनपर्यंत लिफ्ट, पंप व इस्त्री बंद. कारण : मुलीची परीक्षा.' बर्फाची दुसरी परात आणायला खाली गेलेले पर्यायराव त्या फळ्यासमोर उभेच राहिले. इतकं नेमकं भाषांतर त्यांना सव्वीस वर्षांत साधलं नव्हतं.

साडेदहाला संगणक सुरू झाला. म्हणजे काम आता सव्वातीनला संपणार. काकूंनी शिटी वाजवल्यासारखा श्वास सोडला.

बाराला कुणीतरी तीन जिने चढून, धापा टाकत, दारात आलं. काखेत चामडी पिशवी. "वजनमापे निरीक्षक. घड्याळ कुठाय?"

खोलीत पाच माणसं, तीन पंखे, दोन पराती आणि एक उघडा डबा. सगळ्यांनी डब्याकडे बोट दाखवलं.

निरीक्षकांनी डब्यात वाकून पाहिलं. "काटे?"

"नाहीत," पर्यायराव म्हणाले. "सेकंदाला तीनशे साठ कोटी ठोके पडतात."

"मोजले कुणी?"

"तो स्वतःच मोजतो."

निरीक्षकांची मुद्रा गंभीर झाली. "स्वतःचं माप स्वतः घेतलेलं आमच्याकडे ग्राह्य धरत नाहीत." एवढ्यात त्यांची नजर बायकोच्या तक्त्यावर गेली. "हे तापमान कुणी घेतलं?"

"तेही तोच सांगतो," बायको म्हणाली. "पण मला भरवसा नाही. कधी एकदम आठ अंश वर, कधी खाली. रुग्णाने सांगितलेला ताप मी लिहीत नसते."

हे ऐकून निरीक्षकांच्या चेहऱ्यावर जी कळी खुलली ती बघण्यासारखी होती. आयुष्यभर वाण्यांच्या तराजूंशी भांडलेला माणूस, त्याला अखेर समजून घेणारं कुणी भेटलं. त्यांनी पिशवीतून मखमलीत गुंडाळलेला, खात्याचा शिक्का असलेला तापमापक काढला, त्याचं टोक डब्यातल्या पत्र्याच्या पाकळ्यांमध्ये सरकवलं, आणि घड्याळ हातात धरून उकिडवे बसले. तपासणीचा फॉर्म त्यांनी खिशात ठेवला तो तिथेच राहिला. दर पाच मिनिटांनी ते आकडा सांगायचे, बायको लिहायची, आणि रेघ चढायला लागली की अध्यक्ष परात पुढे सरकवायचे. काकूंनी निरीक्षकांच्या शर्टाचं तुटलेलं बटण त्यांना न विचारताच लावून टाकलं.

दोनच्या सुमारास वरच्या मजल्यावर कुणीतरी विसरून इस्त्री लावली आणि संगणक पुन्हा बंद पडला. अध्यक्ष जिना चढून गेले. ते काय बोलले ते कळलं नाही, कारण ते आवाज चढवत नाहीत. पण त्या घरात पुढे आठवडाभर कुणी इस्त्री केली नाही म्हणतात. दहा मिनिटं गेली. आता तीन पंचविसाला संपणार.

शेवटची चित्रं राहिली तेव्हा मुलीने हिशेब केला. महाविद्यालयाला गाडीने वीस मिनिटं. "बाबा, शेवटचं दृश्य काढून टाकते. त्यात फक्त कोनशिला आहे. पाच मिनिटं वाचतील."

"इमारतीला कोनशिला नको?" पर्यायराव म्हणाले.

"माझी गाडी खाली आहे," निरीक्षक तापमापकावरची नजर न हलवता म्हणाले. "मागे वजनं आहेत, पण एका माणसाची जागा होईल. राहू द्या कोनशिला."

मग सगळे पडद्यापुढे गोळा झाले. चित्र वरून खाली, एकेक पट्टी करत उतरत होतं. आधी काचेचं छत, मग उजेड, मग भिंत, मग भिंतीत बसवलेला दगड. दगडावर मंत्र्यांचं नाव नव्हतं. पहिली ओळ उतरली, 'आईला, जी दुसऱ्यांच्या माणसांजवळ रात्र रात्र उभी राहिली.' बायको तक्त्यावर काहीतरी लिहायला लागली. लिहिण्यासारखं काही नव्हतं. मग दुसरी ओळ उतरली.

'बाबांना, ज्यांचा संगणक पुरला.'

"पुरला?" अध्यक्षांनी चष्मा वर केला. "कुठे पुरला?"

सगळ्यात मोठ्याने निरीक्षक हसले. मुलगीही हसली, सकाळपासून पहिल्यांदा. पर्यायराव तेवढे हसले नाहीत. "हे कधी कोरलंस?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारी."

"गुरुवारी तर अजून काही पुरलेलं नव्हतं."

"मग काय 'पुरेल' लिहू? दगडावर भविष्यकाळ लिहीत नाहीत, बाबा."

तीन सव्वीसला फिल्म बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये आली, अठ्ठाविसाला मुलगी आणि निरीक्षक तीन जिने उतरून गेले, आणि गाडी निघाल्यावर वजनांचा खडखडाट कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. मागे सगळे फोनभोवती बसून राहिले. काकूंनी सातवं काज पूर्ण केलं. तीन पन्नासला फोन वाजला. "घेतली," मुलगी म्हणाली. "शिक्का मारून घेतली."

पर्यायराव उभे राहिले. त्यांना सगळ्यांचे आभार मानायचे होते. सव्वीस वर्षं प्रत्येक पत्राखाली त्यांनी 'आपला आभारी' लिहिलं होतं, त्यामुळे शब्द तयारच होता. पण ते हात जोडून नुसते एकेकाकडे बघत राहिले. अध्यक्षांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं, चला, लिफ्ट सुरू करू."

त्यांनी लिफ्ट सुरू केली. पंपही केला. ते बघून सकाळपासून खोळंबलेल्या इमारतीतल्या अकरा इस्त्र्या एकदम लागल्या. दिवे एकदा लखकन उजळले, आणि मग सगळं गेलं. संध्याकाळी वीज आली, पण संगणक आला नाही. मिस्त्रीने तासभर खटपट केली, पेचकस खाली ठेवला आणि टोपी काढली.

"दमाने केलं पण," तो म्हणाला. "सगळं संपवून मग गेला."

वजनमापे खात्याचा अहवाल मंगळवारी आला. 'घड्याळ आढळून आले नाही. तापमान समाधानकारक. प्रकरण बंद.' एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती. पर्यायरावांनी तो चौकटीत लावला.

पण त्याआधी रविवारी सकाळी त्यांनी मिस्त्रीकडून आतला तो चौकोनी तुकडा काढून घेतला. नखाएवढ्या अक्षरांत अजून त्यावर तीनशेच छापलेलं होतं. त्यांनी तो साबणाच्या डबीत ठेवला आणि डबी सज्जातल्या जास्वंदीच्या कुंडीत, चमच्याने माती काढून, नीट पुरली. बायको दारात उभी राहून बघत होती. मग तिने हात धुवायला पाणी दिलं.

मुलगी बाहेर आली. तिच्या हातात त्या शेवटच्या चित्राचा छापलेला कागद होता. "बाबा, प्रदर्शनात हे मोठं करून लावणार आहेत. ती ओळ बदलून देऊ का? दोन अर्थ होतात. तुम्हीच नेहमी लाल शाईने खोडता ना असलं."

पर्यायरावांनी मातीचे हात पुसले, कागद घेतला आणि खिशातलं लाल पेन काढलं. ओळ वाचली. कुंडीकडे पाहिलं. मग पेन परत खिशाला लावलं.

"दोन्ही अर्थ बरोबर आहेत," ते म्हणाले. "राहू दे."